कमी शुल्काचं समुपदेशन केंद्र: समुपदेशकांशिवाय आणखी कोण लागतं?

उंबरठा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कमी शुल्कात समुपदेशन देणारी छोटी धर्मादाय संस्था उभी करायची आहे. हाताशी काय आहे ते सांगते. दोन खोल्या, आठवड्याचे चार दिवस, रोज सहा तास. दहा समुपदेशक विनामोबदला यायला तयार आहेत. त्यातले चार अनुभवी, सहा अजून अभ्यासक्रम पूर्ण करणारे शिकाऊ. प्रत्येकजण आठवड्याला तीन सत्रं घेईल. विश्वस्त मंडळ कागदावर तयार आहे. महिन्यातून एकदा सगळ्यांची बैठक घ्यायची, असं ठरतंय.

आता प्रश्न. समुपदेशक सोडले तर आणखी कोणकोण लागतं? मानधन कोणाला द्यावंच लागतं आणि कोणतं काम स्वयंसेवकांवर सोडलं तर चालतं? शुल्क कोणी ठरवायचं? आणि कुठला माणूस कमी पडला की गाडी अडते? 'तळमळीची माणसं हवीत' या छापाची उत्तरं कृपया नकोत. तास आणि आकडे हवेत.

---

दुसरी_खुर्ची

तास हवेत म्हणता, तर आधी गुणाकार करू.

दहा जण, प्रत्येकी तीन, म्हणजे आठवड्याला ३० सत्रं. सुट्ट्या आणि आजारपणं वजा जाता वर्षाचे ४४ आठवडे धरा. झाली १,३२० सत्रं. प्रत्येकाला १२ सत्रांची मर्यादा ठेवली आणि न कळवता हुकवलेलं सत्रही त्या बारात मोजलं, तर वर्षाला ११० माणसं. बस्स, एवढीच तुमची क्षमता. आठवड्याला फक्त पाच नवे फोन आले तरी वर्षाला २२० होतात. म्हणजे पहिल्याच वर्षाअखेर ११० जण रांगेत. ही रांग आपोआप कमी होत नाही. म्हणून प्रतीक्षायादी कधी बंद करायची याचा आकडा पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. थांबायला लागणारा काळ दहा आठवड्यांच्या वर गेला की नवी नावं घेणं थांबवायचं आणि फोन करणाऱ्याला दुसरीकडचा पत्ता द्यायचा. 'नाव लिहून घेतलंय, कळवू' म्हणून सहा महिने ताटकळत ठेवण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा. नकार मिळालेला माणूस निदान दुसरं दार ठोठावतो.

आता मुख्य मुद्दा. तुमची अडचण समुपदेशक नाही, खोल्याही नाही. दोन खोल्यांत रोज सहा याप्रमाणे आठवड्याला ४८ सत्रं बसतात, तुम्हाला ३० च हवीत. तुमची अडचण आहे सुपरव्हिजन, म्हणजे समुपदेशकाने आपल्या केसेस नियमितपणे अनुभवी व्यक्तीसमोर मांडून तपासून घेणं. महिन्यातून एकदा सगळ्यांची बैठक याला सुपरव्हिजन म्हणत नाहीत. ती फार तर सभा.

हिशोब असा करायचा: गटात बसलेल्या माणसाच्या वाट्याला प्रत्यक्ष किती मिनिटं येतात? तीन जणांचा गट, दीड तास, म्हणजे प्रत्येकी ३० मिनिटं. शिकाऊ माणूस आठवड्याला तीन सत्रं घेतो. गट दर आठवड्याला बसला तर सहा सत्रांमागे एक तास पडतो. हे प्रमाण चांगलं आहे. बऱ्याच अभ्यासक्रमांत सहा ते आठ सत्रांमागे एक तास असंच काहीसं मागतात. हाच गट पंधरवड्याने बसला तर प्रमाण बाराला एक होतं, आणि शिकाऊ माणसाच्या निम्म्या केसेस कोणी ऐकलेल्याच नसतात. अनुभवी चौघांचा एक गट करा. दर आठवड्याला दीड तास बसले तर प्रत्येकाला महिन्याला साधारण दीड तास मिळतो. ब्रिटनमधली बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना आपल्या अधिस्वीकृत (अ‍ॅक्रेडिटेड) सदस्यांना महिन्याला किमान दीड तास सांगते. तिथले नियम तुम्हाला लागू असतील-नसतील, मापदंड म्हणून उपयोगी आहे.

थोडक्यात तीन गट, दर आठवड्याला साडेचार तास, अधिक टिपणं वाचणं आणि मधले अडीनडीचे फोन. सुपरव्हायझरचे आठवड्याला सहा तास झाले. हे काम फुकट करून घेऊ नका. फुकट काम करणारा सुपरव्हायझर पहिल्या घाईच्या आठवड्यात गट रद्द करतो, आणि त्याला कोणी काही बोलूही शकत नाही. संस्थेत एकालाच पैसे देता येणार असतील तर मी त्याला देईन. दोघांना देता येणार असतील तर दुसरा समन्वयक, म्हणजे वेळापत्रक लावणारा आणि क्लायंट वाटून देणारा.

एक सुपरव्हायझर ठेवण्यापेक्षा दोघांत काम वाटा. एक रजेवर गेला तर दुसरा असतो. आणि उद्या आणखी तीन शिकाऊ 'आम्हालाही घ्या' म्हणत आले, तर 'खोली रिकामी आहे का' हे विचारू नका, 'दीड तास कोणाचा आहे' हे विचारा.

---

उंबरठा

हे डोळे उघडणारं आहे. सुपरव्हायझर आणि समन्वयक एकच व्यक्ती असली तर? आमच्याकडे एक ज्येष्ठ ताई दोन्ही करायला तयार आहेत.

---

दुसरी_खुर्ची

नको. सुपरव्हिजनची तीन कामं असतात. ब्रिटनमधल्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात केलेली ही मांडणी अजून वापरली जाते: काम नियमात चाललंय ना ते पाहणं, समुपदेशकाला शिकवणं, आणि त्याच्यावर साचलेला भार उतरवणं. तिसऱ्या कामासाठी समुपदेशकाला 'मला या क्लायंटचा कंटाळा येतो', 'मी काल चुकीचं बोललो' हे उघड म्हणता आलं पाहिजे. समोर बसलेली व्यक्तीच वेळापत्रक लावते, शिकाऊ माणसाच्या तासांच्या वहीवर सही करते आणि त्याला ठेवायचं की नाही ते ठरवते, असं असेल तर तो शहाणपणाने गप्प बसतो. मग सुपरव्हिजनला फक्त गोड केसेस येतात. हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे जास्त वाईट.

ताईंना सुपरव्हिजन द्या. समन्वयक दुसरा शोधा, तो समुपदेशक असण्याची काहीच गरज नाही. किंबहुना नसलेलाच बरा. समुपदेशक असला की फोनवरच समुपदेशन सुरू करतो.

---

फोनवरचा

वरच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. पहिला फोन आणि पहिली भेट घेणारी माणसं यावर लिहितो, कारण नवीन केंद्रात याच जागी सगळ्यात कमी तयारीचा माणूस बसवतात.

पहिला फोन १५ ते २० मिनिटांचा. नाव, परत फोन करायला सुरक्षित नंबर कोणता, त्या नंबरवर दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं, कुठल्या वेळा जमतात, आधी कुठे उपचार सुरू आहेत का, आणि सध्या स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार येतात का. इतकंच. पूर्ण कहाणी फोनवर ऐकायची नाही. माणूस सगळं ओतून मोकळा होतो, मग आठ आठवडे त्याला कोणी भेटत नाही, आणि भेटतो तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून दुसऱ्या अनोळखी माणसाला सांगावं लागतं. पुष्कळ जण इथेच गळतात. नंबरचा प्रश्न फालतू वाटेल, पण घरात मारहाण होत असलेल्या बाईच्या फोनवर केंद्राच्या नावाने मेसेज गेला तर काय होईल याचा विचार करा. मेसेजमध्ये केंद्राचं नाव टाकूच नका.

पहिली भेट एक तासाची आणि नंतर अर्धा तास लिहायला. ही अनुभवी समुपदेशकानेच घ्यायची, शिकाऊ नको. ११० लोकांसाठी आठवड्याला सरासरी अडीच भेटी पडतात, म्हणजे पावणेचार तास. फोन आणि परत करायचे फोन धरून सहा-सात तास. या कामासाठी तुमच्या चार अनुभवींपैकी एकाची तीनही सत्रं काढून घ्यावी लागतील, शिवाय आणखी वेळ मागावा लागेल. तेव्हा दुसरी_खुर्ची यांचे ३० वरून २७ करा. वाईट वाटेल, पण इलाज नाही.

भेटीत प्रश्नावली वापरा. पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली फुकट वापरता येते, अनेक भाषांत आहे, २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. पाच, दहा, पंधरा आणि वीस या तिच्या पायऱ्या: सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र. ती निदान करत नाही हे तुमच्या प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवं. थायरॉईड मंदावलेल्या माणसालाही मरगळ, झोपेचा गोंधळ आणि लक्ष न लागणं यांचे गुण मिळतात. म्हणून 'गेल्या वर्षात डॉक्टरांकडे तपासणी झाली का' हा प्रश्न फॉर्मवर हवाच.

सगळ्यात जास्त चूक होते ती नवव्या प्रश्नात. तो मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. फॉर्म भरून घेतात, बेरीज करतात, फाइलला लावतात. बेरीज आठ येते, 'सौम्य' म्हणून रांगेत टाकतात, आणि त्या आठात नवव्या प्रश्नाचे दोन गुण आहेत हे कोणी पाहिलेलंच नसतं. नियम सोपा ठेवा: नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं, तर तो माणूस इमारतीतून बाहेर पडायच्या आत त्याच्याशी थेट बोलायचं. 'मरून जावं असं वाटतं का' हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. उलट विचारलं नाही तर माणूस समजतो की इथेही हे बोलायचं नसतं.

विचार आहेत असं कळलं तर स्टॅनली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा सुरक्षा आराखडा वापरा. एका पानाचा असतो, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्यासोबत बसून लिहायचा. सहा टप्पे: धोका जवळ आल्याच्या खुणा, स्वतःहून लक्ष वळवायला काय करता येतं, कोणती माणसं किंवा जागा मन दुसरीकडे नेतात, मदत कोणाकडे मागता येईल, कोणते डॉक्टर किंवा तातडीच्या सेवा, आणि घरातली धोक्याची साधनं दूर कशी ठेवायची. शेवटचा टप्पा अवघड वाटतो म्हणून गाळतात. तो गाळू नका. 'मी जिवाला काही करणार नाही' असं लिहून घेऊन सही घ्यायची जुनी पद्धत आहे, तिच्यावर विसंबू नका. त्या कागदाने केंद्राला धीर येतो, माणसाला नाही.

आणि कोणाला घ्यायचं नाही याची यादी भिंतीवर नको, पण फाइलमध्ये हवी. आवाज ऐकू येणारा, वास्तवाचं भान सुटलेला माणूस आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे. रोज भरपूर पिणारा माणूस 'उद्यापासून एकदम बंद' म्हणत असेल तर आधी डॉक्टर, कारण दारू अचानक तोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. झपाट्याने वजन घटत चाललेली आणि खाणं टाळणारी व्यक्ती, तिलाही आधी वैद्यकीय तपासणी. घरात मारहाण सुरू असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवायचं नाही. तिथे जे बोललं जातं त्याची किंमत एकजण घरी गेल्यावर मोजतो.

---

जमाखर्च

शुल्काबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी.

एका सत्राचा खरा खर्च काढा. भाडं, सुपरव्हायझरचं आणि समन्वयकाचं मानधन, विमा, फोन, वीज या सगळ्याची वर्षाची बेरीज भागिले झालेली सत्रं. ठरवलेली नव्हे, झालेली. पाचातलं एक सत्र हुकतं असं धरलं तर १,३२० ची १,०५६ होतात (२७ चा हिशोब धरला तर १,१८८ ची साधारण ९५०). नवीन संस्था इथेच चुकतात. भागाकार मोठ्या आकड्याने करतात आणि सत्र स्वस्त दिसतं.

हा खरा खर्च १०० मानू. समजा दहा टक्के लोक पूर्ण १०० देतात, तीस टक्के ५०, चाळीस टक्के २० आणि वीस टक्के काहीच नाही. सरासरी आली १० अधिक १५ अधिक ८, म्हणजे ३३. प्रत्येक सत्रामागे ६७ बाहेरून उभे करायचे आहेत. विश्वस्तांना हा एकच आकडा कळला तरी पुरे. 'जास्त लोक आले तर संस्था सावरेल' असं त्यांतले निम्मे समजत असतात, पण प्रत्येक नव्या सत्रागणिक खड्डा खोल होतो.

शुल्क कोणी ठरवायचं? पहिल्या भेटीत, पहिली भेट घेणाऱ्याने. टप्प्यांचा छापील तक्ता समोर ठेवायचा आणि 'तुम्हाला कुठला टप्पा झेपेल' असं विचारायचं. पगाराची चिठ्ठी मागू नका. तपासायला जेवढा वेळ आणि अपमान खर्च होतो तेवढी वसुली होत नाही. समुपदेशकाच्या हातात रोकड जाऊ देऊ नका. पैसे समोरच्या टेबलावर, पावती लगेच. त्याचा अर्थ समुपदेशकाने पैशाबद्दल बोलायचंच नाही असा नव्हे. तीन आठवडे शुल्क थकलं तर सत्रात त्यावर बोलणं हा कामाचाच भाग आहे, नोकरी गेलेली असू शकते किंवा राग आलेला असू शकतो. पण वसुली त्याची नाही.

चोवीस तास आधी कळवलं तर हुकलेल्या सत्राचे पैसे नाहीत, न कळवता आला नाही तर ठरलेला टप्पा लागू. शून्य टप्प्यावाल्याला हा नियम लागतच नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा: सलग दोनदा न कळवता गैरहजर, तर समुपदेशक स्वतः एक पत्र किंवा फोन करेल, आठवडाभर वाट पाहील, मग जागा दुसऱ्याला. हे पहिल्या दिवशी लेखी द्यायचं. आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवायची सवय लावा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि हुकणारी सत्रं कमी करायचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

गंगाजळी किती ठेवावी यावर लोक उगाच वाद घालतात. बारा सत्रं म्हणजे तीन महिने. आज देणग्या आटल्या तरी आज सुरू असलेल्या प्रत्येकाची बारा सत्रं पुरी करता आली पाहिजेत. म्हणून तीन महिन्यांचा पूर्ण खर्च वेगळा, हात न लावता. आणि अनुदान घेताना त्यात 'फक्त सत्रांसाठी' अशी अट आहे का ते वाचा. असेल तर सुपरव्हायझरचं मानधन त्यातून देता येतं का हे लेखी विचारून घ्या. देणगीदाराला समुपदेशक दिसतो, सुपरव्हायझर दिसत नाही. अर्जातच 'एका सत्राच्या खर्चात काय काय येतं' हे लिहा, त्यात सुपरव्हिजन आत घाला.

खजिनदार विश्वस्तांपैकी असावा पण रोजची रोकड मोजणारा वेगळा. दोन सह्या. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पहिल्या वर्षी कोणी करत नाही.

---

पारावरून

सगळं बरोबर, पण तुम्ही लोक गोष्ट महाग करताय असं वाटतं. शिक्षित समुपदेशकच हवेत हा आग्रह का? झिंबाब्वेत २००६ पासून मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी सुरू केलेलं 'फ्रेंडशिप बेंच' बघा. हरारेच्या म्बारे भागात चौदा आज्यांपासून सुरुवात झाली. दवाखान्याच्या आवारातला बाक, आजी आणि समोरचा माणूस. पद्धत समस्या सोडवण्याची: सगळ्या अडचणी मांडायच्या, त्यातली एक निवडायची, तिच्यावर काय करता येईल ते ठरवायचं, करून बघून परत यायचं. सहा सत्रं. २०१६ मध्ये २४ दवाखान्यांतल्या ५७३ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा स्पष्ट कमी होती. गोव्यात 'संगात' संस्थेने तर मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्याच्या लोकांवर, मानसोपचाराचं कोणतंही आधीचं शिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ सत्रांत काम करून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेची 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पद्धत पाच सत्रांची आहे, तीही अशाच, आधीचं शिक्षण नसलेल्या लोकांनी चालवायची. मग बारा सत्रं आणि पदव्या कशाला?

---

दुसरी_खुर्ची

पारावरून, उदाहरणं चोख आहेत आणि मुद्दाही अर्धा मान्य. पण त्या तिन्ही ठिकाणी नेमकं काय स्वस्त केलं ते पाहा. समुपदेशकाची पदवी काढली. सुपरव्हिजन नाही काढलं. उलट वाढवलं. संगातमध्ये सत्रांचं ध्वनिमुद्रण करून गटात ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. ते गुण द्यायला हळूहळू समुपदेशक स्वतःच शिकले, म्हणून तज्ज्ञांचे तास वाचले. ही खरी युक्ती आहे, आणि उंबरठा यांना ती उचलता येईल: सुरुवातीला सुपरव्हायझर प्रत्येक आठवड्याला, वर्षभराने दर दोन आठवड्यांतला एक गट समुपदेशकांनी आपापसात चालवायचा, सुपरव्हायझर फक्त मुद्रण ऐकून गुण पडताळणार. मुद्रणाला क्लायंटची लेखी संमती, आणि ऐकून झालं की पुसायचं.

दुसरं, या पद्धती ठरीव आहेत. सत्र एकमध्ये काय, दोनमध्ये काय, हे पुस्तिकेत असतं. तुमचे शिकाऊ वेगवेगळ्या अभ्यासक्रमांतून आलेले असतील तर प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि मोकळ्या पद्धतीला सुपरव्हिजन जास्तच लागतं. पाच सत्रांची पुस्तिका घ्यायची तर सगळ्यांनी तीच घ्यायची. अर्धी पुस्तिका, अर्धं आपलं मन, असं केलं की दोन्हीचा फायदा जातो.

सत्रं मात्र कमी करण्याचा विचार जरूर करा. सहा केली तर ११० चे २२० होतात, पण पहिल्या भेटीही दुप्पट होतात. फोनवरचा यांचे सहा-सात तास मग दहा-अकरा. फुकट काहीच वाढत नाही.

---

फोनवरचा

पारावरून यांच्या मुद्द्यात एक भर. चॅड वाराह या धर्मगुरूंनी लंडनमध्ये १९५३ साली आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी 'समॅरिटन्स' सुरू केलं तेव्हा आलेल्यांना भेटणारे तेच होते. बाहेर थांबलेल्यांची विचारपूस करायला काही साधी माणसं बसलेली असत. बऱ्याच लोकांचं काम त्या बाहेरच्या गप्पांतच होतं, वाराहना भेटायची गरज उरत नाही, हे लक्षात आल्यावर लवकरच ऐकण्याचं काम त्या स्वयंसेवकांकडेच सोपवलं गेलं. तेव्हा बाहेरच्या टेबलावरचा माणूस 'फक्त रिसेप्शन' आहे असं समजू नका.

त्या टेबलाचे तास: चार दिवस गुणिले सहा, २४ तास. तीन-तीन तासांच्या आठ पाळ्या. प्रत्येक माणूस आठवड्याला एक पाळी देतो असं धरलं तर आठ नावं, आणि कोणी ना कोणी गैरहजर असतंच, म्हणून यादीत बारा. त्यांना तीन तासांचं प्रशिक्षण द्या आणि त्यातला एक तास फक्त गोपनीयतेवर. हे स्वयंसेवक त्याच वस्तीतले असतात. ओळखीचा चेहरा दारातून आला तर काय करायचं? मान हलवायची, नाव मोठ्याने घ्यायचं नाही, बाहेर कधी भेट झाली तर समोरच्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. आणि घरी जाऊन 'आज कोण आलं होतं माहितीये' हे वाक्य तोंडून निघालं की पाळी बंद. यात दुसरी संधी नाही. वस्तीत ते एक वाक्य फिरलं की महिनाभर फोन वाजत नाही.

शेवटचं सत्र संपून क्लायंट बाहेर पडेपर्यंत टेबलावरच्याने निघायचं नाही. इमारतीत समुपदेशक आणि क्लायंट दोघेच उरता कामा नयेत. समुपदेशकाची खुर्ची दाराजवळ, घड्याळ दोघांना दिसेल असं, खुर्च्या अगदी समोरासमोर न ठेवता थोड्या तिरक्या. दाराबाहेर सतत चालणारा साधा पंखा ठेवला तर आतलं बोलणं बाहेर सहज ऐकू जात नाही.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार, वही भरली. शेवटचे दोन प्रश्न. एक, शिकाऊ मंडळी अभ्यासक्रम संपला की निघून जातील, तेव्हा त्यांच्या क्लायंटचं काय? दोन, आमच्या अध्यक्षा प्रत्येक केसची माहिती मागतात, 'संस्था माझी आहे, मला कळायला हवं' म्हणून. त्यांना काय दाखवायचं?

---

दुसरी_खुर्ची

पहिल्याचं उत्तर तारखेत आहे. शिकाऊ येतानाच जायची तारीख लिहून घ्या. बारा सत्रांची मर्यादा, मधली एखादी सुट्टी धरून चौदा आठवडे. त्या तारखेच्या चौदा आठवडे आधी त्याला नवीन क्लायंट देणं बंद. त्या काळात त्याची एक-दोन सत्रं रिकामी राहतील, राहू द्या. 'फुकट जातंय' म्हणून समन्वयक नवीन माणूस देतो आणि मग सहाव्या सत्राला 'पुढच्या आठवड्यापासून दुसरे येतील' हे सांगावं लागतं. आधीच कोणीतरी सोडून गेल्यामुळे आलेल्या माणसाला हे सांगणं किती महागात पडतं ते सुपरव्हायझरला विचारा. सहाही शिकाऊ एकाच महिन्यात संपणार नाहीत अशा बेताने घ्या. नाहीतर दरवर्षी एका तिमाहीत निम्मं केंद्र रिकामं.

दुसऱ्याचं उत्तर: अध्यक्षांना आकडे दाखवायचे. किती फोन, किती भेटी, किती रांगेत, थांबावं किती लागतं, किती सत्रं हुकली, शुल्काची सरासरी किती, प्रश्नावलीचे गुण सुरुवातीला आणि शेवटी किती, सुपरव्हिजनचे किती गट रद्द झाले. हे दर तिमाहीला एका पानावर. नावं नाहीत, कहाण्या नाहीत. तुमच्यासारख्या छोट्या केंद्रात 'अमुक वयाची, दोन मुलांची बाई' एवढ्यानेही माणूस ओळखू येतो, म्हणून 'नाव न घेता सांगते' हेही नको. गंभीर धोक्याची घटना घडली तर ती सुपरव्हायझरकडून विश्वस्तांपैकी नेमलेल्या एका व्यक्तीकडे जाते, अध्यक्षांकडे नव्हे. अध्यक्षांना ती व्यक्ती 'घटना घडली, पद्धतीप्रमाणे हाताळली' एवढं सांगते.

---

जमाखर्च

आणि त्या पानावर 'सुपरव्हिजनचे किती गट रद्द' ही ओळ सगळ्यात वर घ्या. बाकीचे आकडे बिघडायच्या तीनेक महिने आधी हा बिघडतो.

फाइलींबद्दल राहिलं. क्लायंटचं नाव-पत्ता एका कपाटात, सत्रांच्या नोंदी दुसऱ्या, जोडणारा फक्त क्रमांक. नोंद पाच-सात ओळींची: तारीख, हजर की नाही, कशावर काम झालं, धोका विचारला का, पुढचं काय ठरलं. समुपदेशकाला स्वतःच्या मनातलं लिहायचं असेल तर त्याची वही वेगळी, त्यात नाव नाही. एखाद्या समुपदेशकाला क्लायंट देण्याआधी फक्त पहिलं नाव आणि राहण्याचा भाग सांगून 'ओळखीचं वाटतं का' हे विचारा. हो म्हणाला तर दुसऱ्याला. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे, समन्वयक आणि सुपरव्हायझर. अध्यक्षांकडे नाही.